पान्याचं तोंड

शनिवारी लोखंड विकत घेऊ नये, हा समज महाराष्ट्रात घरोघरी आहे. खिळे असोत, कढई असो की विळी, माणूस म्हणतो, आज नको, उद्या घेऊ. आणि शनिशिंगणापूरला गाड्यांची सगळ्यात मोठी गर्दी होते ती शनिवारीच. त्यात शनी अमावस्या आली तर विचारायलाच नको. नगर-संभाजीनगर रस्त्यावरून घोडेगावला वळणाऱ्या आणि शिर्डीहून राहुरीमार्गे सोनईकडे येणाऱ्या जीप, टेम्पो, मोटारसायकलींची रीघ दिवसभर थांबत नाही. एवढ्या गाड्यांत कुणाचा फॅनबेल्ट तुटतो, कुणाचं रेडिएटर उकळतं, कुणाच्या चाकाचे नट हटून बसतात. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याला त्या दिवशी जेवायला फुरसत नसते. अशा वेळी त्याच्या बारा-तेराच्या पान्याचं तोंड फाकलं, तर रीत पाळणारा माणूस नवा पाना घ्यायला रविवारपर्यंत थांबणार. म्हणजे त्याची पेटी शुक्रवारी संध्याकाळीच धड असली पाहिजे. हत्यार टिकणं म्हणजे काय, हे अशा माणसाला विचारावं.

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरची ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची शनीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे, तिच्यावर छप्पर नाही. घरांना चौकटी आहेत, पण त्यांना दारं लावायची नाहीत असा गावाचा रिवाज. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली, तेव्हा 'कुलूप नसलेली बँक' म्हणून तिची देशभर चर्चा झाली. लोखंड हा शनीचा धातू मानतात आणि शनीला तेल वाहतात. लोखंडाला तेल मानवतं, हे मेकॅनिकला वेगळं सांगावं लागत नाही. रात्री काम संपल्यावर तेलकट फडक्याने पुसून ठेवलेला पाना आणि तसाच चिखलात टाकलेला पाना यांच्या आयुष्यात वर्षांचा फरक पडतो.

हा सगळा टापूच यंत्रांचा आहे. नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर शहरात लष्कराची रणगाड्यांची शाळा आहे. लष्करी वाहनांची चाचणी घेणारी व्हीआरडीई ही संशोधन संस्था तिथेच आहे. १९७२ मध्ये आलेल्या ज्या लुनाने घराघरातल्या माणसाला मोपेडवर बसवलं, तिच्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखानाही नगरलाच. शिंगणापूरच्या अंगणातच म्हणावा असा सोनईचा मुळा सहकारी साखर कारखाना. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या जोड-ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. हंगामात कारखान्यातल्या फिटरची कसोटी लागते, कारण गाळप थांबलं की सगळंच थांबतं. तिथे पाना निसटला तर फिटरच्या बोटांची सालटी निघतात आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढते.

मला पान्यांची अक्कल आली ती एका सतराच्या बोल्टमुळे. मोटारसायकलचं इंजिन ऑइल घरीच बदलावं म्हणून एका जत्रेत आठ पान्यांचा चकचकीत संच घेतला होता. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा असा वीस-बावीसपर्यंत, प्लॅस्टिकच्या पाकिटात. त्यावर कंपनीचं नाव असं काही नव्हतंच. 'क्रोम व्हॅनेडियम' एवढी अक्षरं मात्र ठसठशीत होती. इंजिनखालच्या बोल्टला सोळा-सतराचा पाना लावला, जोर दिला, आणि बोल्ट हलायच्या आधी पाना हलला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी पाहिलं तर बोल्टच्या डोक्याचे कोपरे गेलेले. नट गोल झाला, असं ज्याला गॅरेजमध्ये म्हणतात ते माझ्या हातून झालं होतं.

गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी माझ्याकडे न बघता आधी माझा पाना मागितला. खाली गोणपाट अंथरलेलं होतं, त्यावर त्यांनी माझा सतरा ठेवला आणि शेजारी त्यांचा. माझा आरशासारखा. त्यांचा काळपट, मुलामा जागोजागी उडालेला, दांड्यावर बोटांच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला. अक्षरं अर्धी पुसलेली, तरी 'गेडोर' एवढं वाचता येत होतं. मग त्यांनी खणातून एक कोरा नट काढला आणि आधी त्यांच्या पान्यात घातला. नट अलगद आत गेला आणि जागीच राहिला, हलवून पाहिला तरी जेमतेम केसाएवढा. माझ्या पान्यात तोच नट घातला तर तो खुळखुळला. पाना उजेडाकडे धरला तेव्हा दिसलं, तोंडाच्या दोन्ही बाजू समांतर राहिलेल्या नव्हत्या, टोकाकडे फाकल्या होत्या. "हा पाना नाही, पत्रा आहे," मिस्त्री म्हणाले. छन्नी लावून त्यांनी बोल्ट काढला आणि नवा बसवला. बोल्टचे, मजुरीचे आणि वाया गेलेल्या सकाळचे पैसे धरले तर माझा स्वस्त संच चांगल्या संचापेक्षा महाग पडला होता.

त्या दोन पान्यांत फरक कशाने पडतो, ते आता बघू.

नटाला सहा बाजू आणि सहा कोपरे असतात. पाना बरोबर बसला तर जोर बाजूंच्या सपाटीवर येतो. सैल बसला तर तो थोडा तिरका होतो आणि सगळा जोर कोपऱ्यांच्या धारेवर जातो. धारेवर आलेला जोर नटालाही खातो आणि पान्यालाही. म्हणून सतराच्या पान्याचं तोंड नेमकं सतरा मिलिमीटर करूनही चालत नाही, कारण मग तो नटावर चढणारच नाही. ते सतरापेक्षा किंचित मोठं असावं लागतं, पण किती मोठं, याची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेली आहे आणि या मापाला ती पाव-एक मिलिमीटरच्या घरात आहे. चांगला कारखाना प्रत्येक पाना या पट्टीत बसवतो. हलका कारखाना पहिला साचा नीट करतो, मग साचा झिजला तरी त्यातूनच माल काढत राहतो. एकाच नावाचे दोन पाने, एक घट्ट आणि एक ढिला, असं दिसलं की समजावं, तपासणी कुणी करत नाही.

हीच गोष्ट जुन्या इंची मापाच्या कामात आणखी बोचते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याच्या नटावर तेराचा पाना चढतो, पण चांगल्यातला चांगला तेराही तिथे तीन दशांश मिलिमीटरहून जास्त सैल बसतो. पाऊण इंच आणि एकोणीस मात्र जवळजवळ एकच, १९.०५. जुन्या इंजिनांवर आणि पंपांवर काम करणाऱ्यांना ही गणितं तोंडपाठ असतात. नवशिक्याने निदान एवढं लक्षात ठेवावं की 'बसतोय ना' आणि 'बसला' यांत फरक आहे.

दुसरी गोष्ट पोलादाची. पान्याचं चांगलं पोलाद म्हणजे क्रोम-व्हॅनेडियम, हे खरं आहे. त्यात क्रोमियम साधारण एक टक्क्याच्या आसपास असतं आणि व्हॅनेडियम त्याहून कितीतरी कमी, एक-दोन दशांश टक्के. क्रोमियममुळे पोलादाला आतपर्यंत कडकपणा येतो, तर चिमूटभर व्हॅनेडियममुळे पोलादाचा कण बारीक राहतो आणि ते चिवट होतं. पण नुसतं पोलाद चांगलं असून भागत नाही. लोहार विळ्याला पाणी पाजतो, तसं पान्यालाही पाजावं लागतं. भट्टीत लाल करायचं, तेलात बुडवून एकदम गार करायचं, म्हणजे ते काचेसारखं कडक होतं. मग पुन्हा मध्यम तापवून त्यातला ठिसूळपणा काढायचा. हे दुसरं तापवणं चुकलं तर पाना एक तर लोण्यासारखा फाकतो, नाही तर कडकन तुटतो. चांगल्या पान्याचा कडकपणा रॉकवेल सी या मापात चाळीस ते पंचेचाळीसच्या आसपास ठेवतात. तार तोडायच्या पकडीची धार त्याहून बरीच कडक लागते, पंचावन्नच्या वर. 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरं कुणीही ठोकू शकतो. पाणी कसं पाजलं, हे अक्षरांवरून कळत नाही.

तिसरी गोष्ट घडणीची. चांगला पाना घडवलेला असतो. तापलेली सळई दोन साच्यांमध्ये ठेवून वरून घणाचा तडाखा देतात, त्यामुळे पोलादाचे तंतू दांड्यातून तोंडाकडे वळत जातात, लाकडाच्या फांदीत वळतात तसे. मग कडेला आलेलं जादा पोलाद छाटतात, तोंड कोरून मापात आणतात, पाणी पाजतात आणि शेवटी निकेल-क्रोमचा मुलामा देतात. मोटारसायकलच्या बैठकीखाली कापडी पिशवीत जी हत्यारं मिळतात ती बहुतेक जाड पत्र्यातून कापलेली असतात. ती रस्त्यात अडल्यावर वेळ मारून नेण्यासाठी आहेत, रोजच्या कामासाठी नाहीत. चकाकीवर तर अजिबात भुलू नये. मुलामा जाड आणि घाईत दिलेला असला की तो पोपडे धरून उडतो आणि त्याची कड ब्लेडसारखी बोट कापते. साधा काळा फॉस्फेटचा लेप दिलेला पाना दिसायला गरीब वाटतो, पण हाताला तो कधी फसवत नाही.

आता नावांकडे येऊ, कारण दुकानात माणूस पोलाद मागत नाही, नाव मागतो.

महाराष्ट्रातल्या गॅरेजमध्ये पहिलं नाव येतं तापडियाचं. तापडिया टूल्स ही कंपनी १९६९ मध्ये स्वीडनच्या एका नामवंत कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारं बनवू लागली, आणि तिचा कारखाना आपल्याच नाशिकला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, गोटी पाने, सगळं ते बनवतात. हत्यारांच्या बाबतीत स्वीडनचं नाव उगाच घेत नाहीत. आपण ज्याला स्क्रू पाना म्हणतो, तो आज जगभर ज्या रूपात मिळतो, ते रूप योहान पेटर योहान्सन या स्वीडिश कारागिराने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलं. तापडियाचा पाना जगात सर्वोत्तम नाही, पण तो तालुक्याच्या गावी मिळतो, मोडला तर त्याच मापाचा सुटा मिळतो आणि दहा पाने घेतले तर दहाही सारखे बसतात. रोज गाडीखाली जाणाऱ्या माणसासाठी हे तिसरं कारण सगळ्यात मोठं आहे.

मिस्त्रींच्या हातातला 'गेडोर' मूळ जर्मनीचा. रेमशाइड या गावात डोविडाट बंधूंनी १९१९ मध्ये कारखाना काढला. बंधू या अर्थाच्या जर्मन शब्दाचं पहिलं अक्षरयुग्म, आडनावाचं पहिलं आणि गावाचं पहिलं जोडून 'गेडोर' हे नाव झालं. त्या नावाची हत्यारं पुढे भारतातही, फरिदाबादला बनू लागली, आणि नंतर त्याच कारखान्याचा माल झलानी या नावाने बाजारात आला. पुढे त्या कारखान्याला उतरती कळा लागली. पण ज्या काळात तो जोरात होता, त्या काळातले पाने अजून गावोगावच्या पेट्यांत आहेत. वडिलांकडून मुलाकडे आलेले, दोन भावांच्या वाटणीत भांडण लावणारे. जुन्या बाजारात असा पाना दिसला तर गंजाकडे बघू नये, तोंड बघावं. तोंड समांतर असेल तर गंज घासला की जातो.

उत्तरेत हत्यारांची मोठी गावं म्हणजे जालंधर आणि लुधियाना, आणि राजस्थानात नागौर. ईस्टमन हे लुधियानाचं नाव. या गावांतून जगभर माल जातो, आणि तिथेच छोट्या पत्र्याच्या शेडमध्येही माल बनतो. त्यामुळे 'जालंधरचा पाना' या शब्दांनी दर्जाबद्दल काहीच कळत नाही. एकाच गल्लीत परदेशी दुकानासाठी मापात बसवलेला पाना आणि जत्रेतला पत्रा दोन्ही बनू शकतात. म्हणून ईस्टमनसारखं जबाबदार नाव असेल तर घ्यावं. नाव नुसतं रंगवलेलं असेल, ठोकलेलं नसेल, तर ठेवून द्यावं.

परदेशी नावांचा तोरा वेगळा. अमेरिकेची स्टॅनली १८४३ पासूनची, जर्मनीची श्टालविले १८६२ ची, पकडीसाठी प्रसिद्ध असलेली क्निपेक्स १८८२ ची. स्नॅप-ऑन ही अमेरिकन कंपनी १९२० मध्ये उभी राहिली ती एका साध्या कल्पनेवर: पाच दांडे आणि दहा गोट्या म्हणजे सॉकेट, पाहिजे ती गोटी पाहिजे त्या दांड्याला लावायची. पन्नास हत्यारांचं काम पंधरात. आज आपल्या प्रत्येक गॅरेजमध्ये असलेल्या गोटी पान्याच्या संचामागे हाच विचार आहे. पुढे १९६० च्या दशकात याच कंपनीने गोटीच्या आतले कोपरे किंचित मागे घेतले, म्हणजे जोर नटाच्या कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर येतो. नट गोल होण्याची अर्धी भीती त्याने गेली, आणि आता बहुतेक सगळे चांगले कारखाने गोट्या तशाच घडवतात.

क्राफ्ट्समन हे नाव अमेरिकेत सिअर्स या दुकानाने १९२७ मध्ये आणलं आणि पुढे त्या हत्यारांना जन्मभराची हमी दिली. मोडका पाना घेऊन जा, नवा घेऊन या. ही गोष्ट ऐकली की आपल्याकडे लोक हळहळतात, आपल्याला अशी हमी का नाही म्हणून. मला वाटतं, हमीपेक्षा आपल्याला आधी बिलाची सवय लागायला हवी. हत्यारं आपण कच्च्या चिठ्ठीवर घेतो आणि मग नकली माल निघाला तर बोलायला तोंड राहत नाही. नावाजलेल्या ब्रँडचे नकली पाने बाजारात असतात, एखादं अक्षर इकडचं तिकडे करून. अक्षरांची कड बोटाने चाचपली तरी पुष्कळदा कळतं. खरी ठोकलेली अक्षरं स्वच्छ, नकली पुसट आणि पसरट.

मग जर्मन, अमेरिकन घ्यायचं की नाशिकचं? माझं मत सरळ आहे. जो माणूस महिन्यातून एकदा सायकलचा नट आवळतो त्याने साधा देशी संच घ्यावा, पण नावाचा घ्यावा. जो रोज दहा गाड्या उघडतो त्याने पूर्ण संचावर पैसे न घालता सतत लागणारी मापं चांगल्यात चांगली घ्यावीत. दुचाकीवाल्याला आठ, दहा, बारा, चौदा आणि सतरा सतत लागतात. बावीस वर्षातून दोनदा निघतो, तो साधा चालेल. परदेशी नाव परवडत असेल तर ते पकडीला आणि रॅचेटला द्यावं. पकडीत धार आणि सांधा असतो, रॅचेटच्या पोटात बारीक दात असतात. तिथे पैशाचा फरक हाताला कळतो. उघड्या तोंडाच्या फिक्स पान्यात तेवढा कळत नाही.

बंद कड्याचा रिंग पाना आणि उघड्या तोंडाचा फिक्स यांतही निवड आहे. फिक्स पान्याचं तोंड दांड्याशी पंधरा अंशांनी कललेलं असतं, ते उगाच नाही. नटाच्या बाजू साठ अंशांनी येतात. अडचणीच्या जागी एकदा फिरवून पाना उलटा केला की तीस अंशांतच पुढची पकड मिळते. पण हटून बसलेला नट सोडवायला फिक्स लावू नये. पहिला झटका रिंग पान्याने किंवा सहा कोपऱ्यांच्या गोटीने द्यावा, कारण ती नटाला चहूबाजूंनी धरते. नट सुटला की मग फिक्सने भराभर काढावा. माझ्या सतराच्या बोल्टलाही आधी रिंग लावली असती तर तो वाचला असता.

हत्यार मरतं ते बहुधा चुकीच्या वापराने. पान्याला पाईप लावून लांबी दुप्पट केली की जोरही दुप्पट होतो. पान्याची लांबी त्याच्या मापाला सोसेल एवढीच ठेवलेली असते, हे कारखान्याने विचार करून ठरवलेलं आहे. स्क्रू पाना लावताना जोर न हलणाऱ्या जबड्यावर येईल असा लावावा, हलणाऱ्यावर नाही. नाही तर आतली मळसूत्राची कडी झिजते आणि जबडा डुलायला लागतो. हवेच्या गनवर चकचकीत पातळ गोटी कधीच लावू नये. गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या गोट्या असतात. त्या मुद्दाम थोड्या मऊ आणि चिवट ठेवतात, म्हणजे तडाखे झेलतात. कडक गोटी गनवर फुटली तर तिचा तुकडा डोळ्याकडे येतो.

पकडीबद्दल एक गोष्ट जिवाची आहे म्हणून वेगळी सांगतो. शेतावरच्या मोटारीच्या पेटीत हात घालताना दांड्यावरचं रंगीत प्लॅस्टिक बघून निर्धास्त होऊ नका. साधी मूठ हाताच्या सोयीसाठी असते. विजेसाठीच्या पकडीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, आणि तशी पकड चाचणी होऊन आलेली असते. तरीही आधी मेन स्विच बंद करावा. रात्रीची वीज येते तेव्हा विहिरीवर ओल्या पायांनी गेलेली माणसं आपण गमावली आहेत.

सरकारी मानकंही आहेत. फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८, रिंग पान्यांसाठी आयएस २०२९, पकडीसाठी आयएस ३६५०. पान्यावर किंवा खोक्यावर ही संख्या आणि आयएसआयची खूण दिसली तर तेवढी खातरी जास्त. दुकानदाराला विचारायला लाजू नका.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. गॅरेजमध्ये त्या दिवशी पाने धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदीकुंकू लावतात, झेंडूची फुलं वाहतात. मिस्त्रींच्या पाटावर तो जुना सतरा मधोमध असतो. मला तो दिवस हत्यारं तपासायचा वाटतो. मांडलेल्या प्रत्येक पान्यात त्याच्या मापाचा कोरा नट घालून बघावा. जो खुळखुळेल तो फुलांतून उचलावा आणि भंगारात टाकावा. फाकलेला पाना पेटीत ठेवणं म्हणजे पुढचा गोल नट राखून ठेवणं. पक्कड मिटून उजेडाकडे धरावी, धारेतून उजेड दिसला तर तिने तार तुटणार नाही, चेंगरेल. सांध्यावर दोन थेंब तेल सोडावं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक वळलेलं असेल तर कानशीने चौकोनी करावं, पण ग्राइंडरवर निळं पडेपर्यंत घासू नये. निळं पडलं की पाजलेलं पाणी उतरलं.

आणि नवा पाना घ्यायला जाल तेव्हा खिशात तुमच्या गाडीचे दोन कोरे नट टाका, एक दहाचा आणि एक सतराचा. दुकानदाराने संच पुढे केला की नाव, चकाकी आणि पाकीट बाजूला ठेवा. नट पान्यात घाला, हलवून बघा, पाना उजेडाकडे धरा. चांगला दुकानदार यावर रागावणार नाही. रागावला तर दुसरं दुकान बघा.